वळणावर केलेला हात

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई, व्यासपीठावर बसलेले निरनिराळ्या रुग्णालयांचे पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण आज जमलो आहोत ते आमचे वस्ताद, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, तळमजल्यावरची पिशव्या देण्याची खिडकी सोडून आज पहिल्यांदाच वर आलेल्या मावशी, आणि भिंतीशी हेल्मेटं मांडून बसलेल्या माझ्या चालक बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार. जे आत्ता पाळीवर आहेत, रस्त्यावर आहेत, त्यांनाही नमस्कार. तो त्यांनी परत आल्यावर घ्यावा. गाडी चालवताना घेऊ नये, हे या खोलीत सांगायची गरज नाही.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी बोलणारा माणूस नाही, म्हणून कागदावर लिहून आणलं आहे, आणि कागद पाहून अध्यक्षांच्या लक्षात आलंच असेल की ही पाच मिनिटं जरा मोठी होणार. वस्तादांबद्दल चांगलं बोलायला माझ्या आधी चौघे उभे राहिले. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली एकोणीस गाडीवर आणि बारा प्रशिक्षणाच्या खोलीत, एकशे त्रेचाळीस चालक तयार केले, शब्दाला पक्के, वेळेला पक्के. त्यात मी भर घालणार नाही. मला त्यांच्याबद्दल एक अशी गोष्ट सांगायची आहे जी त्यांनी स्वतः कधी पुरी सांगितली नाही. ती सांगण्याचं एक कारण आहे. सोमवारपासून त्यांचा वर्ग माझ्याकडे सोपवायचा, असं कार्यालयाने ठरवलं आहे. तसा कागदही निघाला आहे. माझी अध्यक्षांना विनंती आहे की त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकावं आणि मग तो कागद ठेवायचा की फाडायचा, हे नव्याने ठरवावं.

पाहुण्यांना कदाचित प्रश्न पडेल, वर्ग म्हणजे काय? तर आमच्याकडे नवा चालक आला की पहिल्या दिवशी त्याला रस्त्यावर सोडत नाहीत. रक्ताच्या पिशव्या असलेली थंड पेटी त्याच्या मागे बांधायच्या आधी त्याला तीन आठवडे वस्तादांच्या खोलीत काढावे लागतात. खोली तुम्ही पाहिली नसेल. जुन्या शीतकपाटांची खोली होती ती. एका कोपऱ्यात अजून एक बंद पडलेलं कपाट आहे, त्याच्या दारावर खडूने रस्ते काढलेले असतात. मधोमध मोठ्या स्टँडवर लावलेली एक मोटरसायकल आहे. ती बारा वर्षांत इंचभर हललेली नाही, पण तिच्यावर बसून जेवढे लोक पडले तेवढे रस्त्यावर पडले नसतील.

पहिल्या दिवशीचा पहिला धडा ब्रेकचा नसतो, गिअरचा नसतो. नमस्काराचा असतो. ज्यांनी तो घेतला आहे ते आत्ताच हसायला लागले. हसा, हसा.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो, कारण चारचाकीत बसणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. दोन मोटरसायकली समोरासमोरून जातात, ओळख ना पाळख, आणि तरी हात होतो किंवा मान हलते. का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. चारचाकीवाल्याच्या भोवती पत्रा असतो, आमच्याभोवती हवा असते. समोरून येणाऱ्यालाही तीच हवा झोंबत असते, तोच खड्डा, तेच कुत्रं. तो हात एवढंच म्हणतो की मी तुला पाहिलं. रस्त्यावर याहून मोठा आशीर्वाद मला माहीत नाही. 'मला तो दिसलाच नाही' हे वाक्य आम्ही किती जणांच्या तोंडून किती वेळा ऐकलं आहे, ते आमचं आम्हाला माहीत.

तर वस्ताद नव्या माणसाला त्या स्टँडवरच्या गाडीवर बसवतात, स्वतः कपाटाच्या दाराशी उभे राहतात आणि म्हणतात, मी समोरून येतोय, कर नमस्कार. नवा माणूस हसतो आणि उजवा हात वर करतो. वस्ताद म्हणतात, "वेग गेला, ब्रेक गेला, आता तूही जा. उतर खाली." उजवा हात राजा आला तरी सोडायचा नाही. मग तो डावा हात खांद्याच्या वर नेतो. पुन्हा खाली उतर. डाव्या हाताची दोन बोटं हँडलच्या मुठीवरून उचलायची, तळवा मुठीलाच राहिला पाहिजे. तेसुद्धा रस्ता सरळ असेल, कोरडा असेल, पुढे मोकळा असेल तर. वळणावर नाही, चौकात नाही, पुलावरच्या वाऱ्यात नाही, ट्रकच्या मागून बाहेर पडताना नाही. एरवी नुसती मान हलवायची, आणि मान हलवतानाही नजर रस्त्यावरून काढायची नाही. हॉर्न वाजवायचा नाही. दिवा उघडमिट करायचा नाही, कारण तो 'पुढे काहीतरी आहे, सांभाळ' यासाठी राखून ठेवला आहे. आणि गेलेल्या माणसाकडे वळून तर मुळीच बघायचं नाही. बघायचंच असेल तर आरसा आहे, तोही नंतर.

हे सगळं झालं की ते एक प्रश्न विचारतात. समोरच्याने उत्तर दिलं नाही तर काय समजायचं? नवी मंडळी नाना तऱ्हेची उत्तरं देतात. त्याने पाहिलं नाही. तो नवा आहे. तो शिष्ट आहे. त्याची गाडी भारी आहे म्हणून माज आहे. वस्ताद सगळी ऐकून घेतात आणि म्हणतात, "त्याचे हात कामात आहेत. याच्यापुढे काही समजायचं नाही."

आणि मग ते गोष्ट सांगतात. एक शहाणा होता, अशी तिची सुरुवात. तुम्हा सगळ्यांना ती पाठ आहे. एक शहाणा होता, त्याने वळणावर एका चालकाला हात केला, चालकाने उत्तर दिलं, आणि तो पडला. यात शहाण्याची एक चूक आणि पडणाऱ्याची दोन, असं म्हणून ते स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवतात, म्हणजे पडणारा कोण ते कळावं. शहाणा कोण, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. इथल्या मंडळींनी आपापले अंदाज बांधले. बरीच वर्षं संशय आमच्या त्या उंच चालकावर होता, जो पुढे नोकरी सोडून भावाच्या दुकानात गेला. तो बिचारा निघून गेला आणि शहाणपणाचा शिक्का त्याच्यावरच राहिला. त्याची मी आज सर्वांसमक्ष माफी मागतो.

तो शहाणा मी आहे.

पुढचं मी कागदावरून वाचतो, म्हणजे गाळलं जाणार नाही.

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. शाळेला जायचा रस्ता दोन मैलांचा होता आणि त्या रस्त्यावर भेटेल त्याला नमस्कार करायचा, अशी आम्हाला शिस्त होती. समोरच्यानेही 'काय रे, निघाला का' म्हणायचंच. न म्हणणारा माणूस लक्षात राहायचा. मी शहरात आलो, या नोकरीला लागलो, आणि रस्त्यावर अनोळखी मोटरसायकलवाला हात करतो हे पाहिलं तेव्हा मला आपल्या गावात आल्यासारखं वाटलं. मला त्या हाताचं वेड लागलं म्हणा ना. कोणाचा हात चुकू दिला नाही आणि कोणी माझा चुकवला तर तो मला दिवसभर टोचायचा. यावरून मावशी खिडकीतून म्हणायच्या, "बुवा, तुम्हाला रक्त पोचवायला ठेवलंय की नमस्कार?" मला सगळे बुवा म्हणतात, कारण गाडी सुरू करण्याआधी मी डोळे मिटून दोन क्षण उभा राहतो. देवाचं नाव घेतो, बाकी काही नाही.

त्या काळी वस्ताद आणि मी एकाच रस्त्यावर होतो. टेकडीपलीकडच्या रुग्णालयाला रोज सकाळी पिशव्या लागायच्या. मी पहाटेची फेरी करून रिकामी पेटी घेऊन परत यायचो आणि ते दुसरी फेरी घेऊन निघायचे. रोज सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास दगडाच्या खाणीच्या आसपास आमची गाठ पडायची. गाठ म्हणजे काय, एक क्षण. ते डाव्या हाताची दोन बोटं उचलायचे, मी उचलायचो. सहा वर्षं हे चाललं. त्यांना मी कितीदा तरी नुसता तेवढाच भेटलो असेन, पण माझ्या सख्ख्या भावाशी माझं जेवढं होतं त्याहून जास्त त्या दोन बोटांशी होतं.

मग एक दिवस बोटं उचलली गेली नाहीत. मला वाटलं, लक्ष नसेल. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला, महिना झाला. नेमकं त्याच सुमारास त्यांना आमच्या रस्त्याचं प्रमुख केलं होतं. मग काय, मला कारण सापडलं. माणूस मोठा झाला. मी हे मनात ठेवलं असतं तरी बरं होतं, पण मी ते उपाहारगृहात बोललो, गाड्या धुण्याच्या जागी बोललो, आणि ज्याच्याशी बोललो त्याने मीठमसाला लावून पुढे नेलं. माझ्या सांगण्यावरून चारपाच जणांनी त्यांना पाठीमागे 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. ते त्यांच्या कानावर गेलं असणारच. ते काही बोलले नाहीत. खिडकीपाशी भेटले तर पूर्वीसारखेच बोलायचे, मी मात्र हूं की चूं करायचो नाही.

एकच गोष्ट मी केली नाही. मी त्यांना विचारलं नाही. आमच्या गावात एखाद्याने नमस्काराला उत्तर दिलं नाही तर माणसं चिडायची हे खरं, पण संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन विचारायचीही, की बाबा रे, बरं नाही का, घरी काही झालं का. मी गावाकडून निघताना चिडणं तेवढं बांधून आणलं आणि विचारणं तिथेच ठेवून आलो.

असे चार महिने गेले. त्या दिवशी सकाळी मी रुग्णालयातून निघतानाच मनाशी ठरवलं होतं की आज उत्तर घेतल्याशिवाय सोडायचं नाही. म्हणजे काय करायचं, तर त्यांना न पाहिल्याचं सोंग करताच येऊ नये असं काहीतरी. खाणीच्या वळणावर ते समोरून आले. मी पायावर जोर देऊन सीटवरून उठलो आणि डावा हात डोक्याच्या वर नेला. छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, वळणावर उभा राहून हात हलवतो आहे. देवाने त्या क्षणी वरून पाहिलं असेल तर त्याला काय वाटलं असेल, याचा मी पुढे फार विचार केला.

त्यांनी हात उचलला. चार महिन्यांनी उचलला. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. आरशात पाहिलं तेव्हा त्यांची गाडी आडवी घसरत होती.

खाणीच्या ट्रकमधून सांडलेली बारीक खडी त्या वळणावर नेहमीच असायची. दोन्ही हात मुठीवर असते तर त्यावरून ते रोज जात होते तसे गेले असते. मी परत फिरलो. ते रस्त्याच्या कडेला बसले होते, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी सांगितलं, पेटी उघड, पिशव्या बघ, बर्फ बघ. पिशव्या नीट होत्या. मग म्हणाले, "तुझी रिकामी पेटी इथे टाक, ही घे आणि जा. तिथे बाळंतीण आहे. मी कुठे पळत नाही." मागून खाणीचा एक ट्रक थांबला होता, त्याचा चालक खाली उतरत होता. मी पेटी बांधली आणि गेलो. अठरा मिनिटांत पोचलो. रक्त वेळेत मिळालं. ती बाई वाचली, मूल वाचलं. याबद्दल देवाचे आभार मी रोज मानतो आणि आजही मानतो.

आता चौकशीचं ऐका. वस्तादांना ट्रकवाल्याने दवाखान्यात नेलं. त्याने जबाब दिला की मोटरसायकलवाल्याने वळणावर एक हात सोडला होता, हे त्याने मागून पाहिलं. वळणापलीकडे मी होतो ते त्याला दिसलं नव्हतं. चौकशी करणाऱ्यांनी वस्तादांना विचारलं, हात कोणाला केलात? ते म्हणाले, कोणाला नाही. कागदावर काय लिहिलं गेलं? 'चालकाचा निष्काळजीपणा.' त्यावर त्यांनी सही केली. खालच्या व्हरांड्यात विनाअपघात सेवेची जी पाटी आहे, तिच्यावरून एकोणीस वर्षांनी त्यांचं नाव खोडलं गेलं. आणि त्याच आठवड्यात मला प्रशस्तिपत्र मिळालं. अपघातस्थळी प्रसंगावधान राखून रक्त वेळेत पोचवल्याबद्दल. या सभागृहात, याच व्यासपीठावर. तुमच्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या बायकोने ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. पंधरा दिवसांनी मी ते काढून कपाटाच्या मागे ठेवलं आणि खिळा सैल झाला असं सांगितलं. तिलाही मी खरं काय ते काल सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, इतक्या वर्षांत तुम्हाला एक खिळा ठोकता आला नाही होय?

अपघातानंतर चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. सगळं सांगून टाकायचं म्हणूनच गेलो होतो. वहिनी तिथे बसल्या होत्या, संत्रं सोलत होत्या. मला पाहून उठल्या आणि म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून त्या बाळंतिणीचं निभावलं. मी नुसती मान हलवली. वस्तादांनी त्यांना पाण्याचं निमित्त काढून बाहेर पाठवलं. वहिनी, ते पाणी प्यायला नव्हतं, हे तुम्हाला आज कळतं आहे. तुम्ही आत्ता खाली मान घालून ऐकता आहात, म्हणून मी तुमच्याकडे न पाहता पुढचं वाचतो.

मग त्यांनी मला सांगितलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, ते जुळणार होतं. पण तपासताना डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की डाव्या हाताच्या बोटांना संवेदना नाही. मनगटातली नस दबलेली होती. चार महिने त्यांची बोटं बधिर होती. क्लच ते सगळ्या पंज्याने ओढायचे. हात एकदा मुठीवरून उचलला की परत कुठे टेकला हे त्यांना डोळ्यांनी पाहावं लागायचं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती. ही त्यांची चूक होती, आणि ती ते वर्गात स्वतःहून सांगतात. हात लपवला ही पहिली, वळणावर उत्तर दिलं ही दुसरी. त्यांचे हात कामात होते, मित्रांनो. माझ्या नमस्काराला उत्तर न देणं हा त्या दिवसांतला त्यांचा एकमेव सुरक्षित निर्णय होता, आणि तो मी मोडून काढला.

मी त्यांना एवढंच विचारू शकलो, की मग त्या दिवशी हात का केलात. ते म्हणाले, किती दिवस तुला टाळायचं, असं वाटलं. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "हात तुझ्यामुळे गेला नाही. तो आधीच गेला होता. तू फक्त वळण चुकीचं निवडलंस." मी म्हणालो, मी कार्यालयात जाऊन सांगतो. त्यांनी मला गप्प केलं. म्हणाले, माझी गाडी तर आता गेलीच, तुलाही बसवून ठेवतील, मग टेकडीपलीकडे पिशव्या कोण नेणार? रस्त्याला दोनच माणसं आहेत.

हे खरं होतं. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. गोष्ट लपव म्हणून कोणी सांगितलं की लपवणं फार सोपं जातं. पुढे वर्षभरात रस्त्याला चार माणसं झाली, सहा झाली. तेव्हा मला बसवून ठेवलं असतं तरी एकही पिशवी अडली नसती. मग मी का बोललो नाही? मी रोज सकाळी डोळे मिटून दोन क्षण उभा राहतो असं तुम्हाला सांगितलं. बारा वर्षं त्या दोन क्षणांत मी हीच गोष्ट सांगत आलो. देवापुढे कबूल करून माणसाला हलकं वाटतं, आणि त्या हलकेपणात एक गैरसोय आहे. कार्यालयातला कागद त्याने बदलत नाही. देव आपल्याकडच्या फायली बघत नाही, त्या आपल्यालाच उघडाव्या लागतात.

गेल्या मंगळवारी वर्ग माझ्याकडे आल्याचं कळलं. वस्ताद खोलीत आवराआवर करत होते. खडूचे तुकडे एका डब्यात भरत होते, डाव्या हाताने डबा धरता येत नाही म्हणून पोटाशी धरून. मी जाऊन सांगितलं की निरोपाच्या दिवशी मी सगळं बोलणार आहे. ते भडकले. म्हणाले, माणसं त्या दिवशी चार बरे शब्द बोलायला आणि दोन वेफर खायला येतात, त्यांना कशाला असलं काही ऐकवतोस. मी चौकशीच्या कागदाचं नाव काढलं. ते म्हणाले, "त्या कागदावाचून मला बारा वर्षांत काय कमी पडलं?"

मी म्हणालो, "तुम्हाला नसेल पडलं. मला पडलं."

ते खडू भरत राहिले. मी म्हणालो, सोमवारी नवी सात मुलंमुली येताहेत. त्यांना मी काय सांगू? एक शहाणा होता, असं म्हणून दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगितल्यासारखं सांगू? तुम्ही तसं सांगितलंत कारण तुम्ही मला झाकत होतात. मी तसं सांगितलं तर मीच मला झाकल्यासारखं होईल, आणि त्या स्टँडवरच्या गाडीवर बसलेल्या पोरीला मी कोणत्या तोंडाने सांगू की समोरच्याबद्दल वाईट समजू नकोस?

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "मग सांग. पण आटोपशीर. भाषण लांबलं की मागची मंडळी हेल्मेट शोधायला लागतात."

तेव्हा आटोपतो. आज सकाळी मी अध्यक्षांच्या टेबलावर एक अर्ज ठेवला आहे. त्यात त्या दिवशीची हकीकत माझ्या सहीने लिहिली आहे आणि चौकशीच्या कागदाला ती जोडावी अशी विनंती केली आहे. वस्तादांचं नाव पाटीवर परत लिहावं की नाही, हे नियमात काय बसतं ते पाहून ठरवावं. त्यांनी हात लपवला होता, तेव्हा कदाचित बसणार नाही, आणि बसत नसेल तर ओढूनताणून लिहिलेलं त्यांनाच चालणार नाही. पण 'हात कोणाला केलात' या प्रश्नापुढे 'कोणाला नाही' असं जे लिहिलं आहे, ते खोटं आहे. ते खोटं माझ्यासाठी बोललेलं आहे. तेवढं दुरुस्त व्हावं. माझं प्रशस्तिपत्र अर्जासोबत जोडलं आहे. चौकटीची काच एका कोपऱ्यात तडकली आहे, ती माझ्याकडूनच.

अध्यक्षांनी मला वर्ग द्यायचा नाही असं ठरवलं तर त्यात मला अन्याय वाटणार नाही. माझी गाडी आहे, रस्ता आहे. द्यायचं ठरवलं तर मी पहिल्या दिवशी पहिला धडा नमस्काराचाच देईन, जसा त्यांनी दिला तसा. त्यात माझी म्हणून एकच ओळ जास्त असेल. उत्तर आलं नाही तर समोरच्याचे हात कामात आहेत असं समजा, आणि सलग आठ दिवस आलं नाही तर गाडी लावल्यावर त्याच्याकडे जा आणि विचारा, बरं आहे ना?

वस्ताद, तुमच्याकडे वळून बोलायचं मी आतापर्यंत टाळलं. तुम्हाला पुढच्या आयुष्यात शांतता आणि आरोग्य लाभो, वहिनींची साथ राहो, आणि त्या डाव्या हाताला हिवाळ्यात कमी त्रास होवो, एवढंच देवाकडे मागतो.

मला बोलायला दिल्याबद्दल अध्यक्षांचे, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल पाहुण्यांचे, आणि अजून कोणी हेल्मेट उचललेलं दिसत नाही त्याबद्दल मागच्या रांगेचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, मान द्यायला कमी पडलो असेन, वेळ जास्त घेतला तो तर घेतलाच, त्या सगळ्या चुका मोठ्या मनाने पोटात घाला. वळणावरची ती एक चूक मात्र घालू नका. ती सोमवारी वर्गात लागणार आहे.